घाटात जायच्या आधी गाडीचं ऑइल, कूलंट घरीच बघा

खंबाटकीतून साताऱ्याकडे जायचं असो नाहीतर रोजचं हिंजवडी, एवढं बघायला गॅरेजवाला लागत नाही. गाडी फक्त सपाट जागेवर लावा, सोसायटीच्या रॅम्पवर लेव्हल चुकीचीच दिसणार.

इंजिन बंद करून पाच-दहा मिनिटं थांबा, मग डिपस्टिक (ऑइल मोजायची पट्टी) काढा, फडक्याने स्वच्छ पुसा, परत पूर्ण आत घाला आणि परत काढा, आता दिसेल ते खरं. दोन खुणांच्या मध्ये ऑइल असेल तर हात लावू नका. कमी असेल तर मॅन्युअलमधल्या ग्रेडचंच, आणि थोडं थोडं ओतून बघत जा, जास्त झालं की काढायचा नसता उपद्व्याप. ऑइल दुधाच्या चहासारखं दिसलं तर त्यात पाणी किंवा कूलंट मिसळलेलं असू शकतं, गाडी चालवू नका, सरळ मेकॅनिकला बोलवा.

कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारं द्रव, इंजिन पूर्ण गार असतानाच बघायचं, गरम असताना झाकण उघडलं तर उकळतं पाणी थेट अंगावर येतं. त्याच्या टाकीत बोअरचं पाणी तर अजिबात नको, आत क्षार साचतात.

ब्रेक ऑइल कुठल्या ग्रेडचं, डॉट ३ की डॉट ४, ते झाकणावरच लिहिलेलं असतं. लेव्हल खाली गेली म्हणजे बहुतेक ब्रेकचे पॅड झिजलेत नाहीतर कुठेतरी गळतंय, नुसतं ओतून गप्प बसू नका. कपाटातली जुनी, सील फोडलेली बाटली वापरू नका, ब्रेक ऑइल हवेतला ओलावा ओढतं. बॉडीवर सांडलं तर लगेच पाण्याने धुवा, रंग जातो.

वायपरच्या टाकीत साधं पाणी चालतं, फक्त ते कूलंटच्या टाकीत ओतू नका म्हणजे झालं.