शेतातली मुले तैलरंगात: चेहऱ्याआधी उजेड

बांधावर बसलेल्या मुलांचे चित्र फसते ते बहुधा चेहऱ्यामुळे नव्हे. मुले कात्रीने कापून शेतावर चिकटवल्यासारखी दिसतात, कारण शेत उन्हातले असते आणि मुले फोटो बघून ट्यूबलाइटखाली रंगवलेली.

म्हणून ढगाळ दिवस निवडा. उन्हाच्या सावल्या तासाभरात सरकतात, आभाळ भरलेले असले की उजेड बराच वेळ तसाच राहतो. फ्रान्सचा ज्यूल बास्तिएन-लपाज (1848-84) खेड्यातली मुले अशाच करड्या उजेडात रंगवायचा. त्याच्या 1881 च्या ‘पोव्हर फोव्हेत’ या चित्रात क्षितिज मुलीच्या डोक्याच्या बरेच वर आहे. सपाट जमिनीवर मोठा माणूस उभा राहून पाहतो तेव्हा क्षितिज त्याच्या डोळ्यांच्या उंचीवर, म्हणजे मुलांच्या डोक्यांवरच येते. ते मुलांच्या गुडघ्यापाशी आणले, तर सहा वर्षांचे पोर राक्षसासारखे दिसते.

दोन मुलांसाठी 18 बाय 24 इंचांचा, जेसो (रंगाआधीचा पांढरा अस्तर-लेप) लावलेला कॅनव्हास पुरे. मूल पाच मिनिटांवर स्थिर बसत नाही, तेव्हा वहीत झटपट आठ-दहा रेखाटने आधी करून ठेवा. सहा वर्षांचे मूल साधारण साडेपाच ते सहा डोकी (म्हणजे स्वतःच्या डोक्याच्या उंचीच्या तितक्या पट) उंच असते, मोठा माणूस साडेसात. डोळे डोक्याच्या मध्यापेक्षा किंचित खाली. हे चुकले की मूल बुटक्या प्रौढासारखे दिसू लागते, मग चेहरा कितीही गोड काढा.

आता बर्न्ट अंबर (गडद तपकिरी) टर्पेंटाइनमध्ये पातळ करून आकृती आणि गडद भाग मांडा. यात तेल घालू नका. हा थर एक-दोन दिवसांत वाळतो. पुढच्या प्रत्येक थरात जवसाचे तेल थोडे थोडे वाढवायचे. खालचा थर जास्त तेलकट असला, तर वरचा आधी वाळून आखडतो आणि काही महिन्यांत तडे जातात.

त्वचेसाठी यलो ऑकर (मातकट पिवळा), बर्न्ट सिएना (तांबूस तपकिरी), थोडे अलिझरिन क्रिमसन (गडद लाल) आणि टायटॅनियम व्हाइट (पांढरा). सावलीत काळा रंग नको, अल्ट्रामरीनमध्ये (गडद निळा) बर्न्ट सिएना मिसळा. पांढरा सोडून एका वेळी तीनपेक्षा जास्त रंग मिसळले की चिखल होतो.

खरी गंमत पुढे आहे. हनुवटीखाली आणि नाकाखाली जमिनीचा तांबूस उजेड परततो, तर खांद्यावर आणि केसांवर ढगाळ आभाळाचा थंड, करडा-निळसर पडतो. सहसा हेच राहून जाते, आणि मूल जमिनीवर बसलेले वाटत नाही. पायांच्या कडा मातीत थोड्या विरघळू द्या. स्पष्ट कड फक्त चेहऱ्याजवळ ठेवा.

वार्निश किमान सहा महिन्यांनी, जाड रंगाला वर्षभराने. आणि तेलाच्या चिंध्या चोळामोळा करून कोपऱ्यात टाकू नका. जवसाचे तेल वाळताना तापते, चिंध्या आपोआप पेट घेऊ शकतात. त्या पाण्यात भिजवून झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात ठेवा.