जुनी एमएक्स-५ घेताय? आधी दाराखाली वाकून बघा

वर्षानुवर्षं मनात भरलेली माझदा एमएक्स-५ ही दोन सीटांची स्पोर्ट्स कार ब्रिटनमध्ये सेकंडहँड घेणार असाल, तर इंजिनाच्या आवाजावर भाळू नका. इंजिन दणकट असतं. या गाडीला खातो तो गंज. 1989 ते 2005 मधल्या पहिल्या दोन पिढ्यांत तर हमखास.

कापडी छतावरचं पाणी सीटांमागच्या बारीक नळ्यांतून खाली उतरतं. पालापाचोळा अडकून त्या तुंबल्या, की पाणी दाराखालच्या पोकळ पत्र्याच्या पट्टीत, म्हणजे सिलमध्ये, शिरतं आणि पत्रा आतून कुजतो. बाहेरून रंग मात्र चकचकीत! म्हणून मागच्या चाकापुढचा सिलचा भाग बोटांनी चाचपा. फ्रिजवरचं लोहचुंबक मऊ फडक्यात गुंडाळून फिरवा. जिथे ते धरत नाही, तिथे पुट्टी भरलेली असणार. सीटांमागचा गालिचा दाबून बघा, ओल लागली तर नळ्या तुंबल्यात.

बघायला निघण्याआधी गाडीच्या नंबरावरून एमओटीचा, म्हणजे ब्रिटनमधल्या गाड्यांच्या वार्षिक सक्तीच्या तपासणीचा, इतिहास काढा. तो सरकारकडून फुकट मिळतो. सिलच्या गंजाचा शेरा दरवर्षी दिसतोय का, किलोमीटर नव्हे, मैलांचे आकडे क्रमाने वाढतायत का, हे वाचा.

आणि मालकांच्या क्लबात गाडी घेतल्यावर नव्हे, आधीच जा. हौशी मंडळी आपल्या गाडीचं पोट आनंदाने दाखवतात, चांगला वेल्डर सुचवतात. एखाद्या जाणत्याला सोबत यायची विनंती जरूर करा.

गाडी दारात आली, की पहिल्याच रविवारी त्या नळ्या साफ करा. लवचीक प्लास्टिकची तार वापरा. टोकदार लोखंडी तारेने नळी फाटते.