घरात कोणाचा गॅस्ट्रिक बायपास झालाय? मग रांधणाऱ्यांनी हे वाचा

माझ्या नवऱ्याचा गॅस्ट्रिक बायपास, म्हणजे वजन कमी करण्यासाठीचं पोटाचं ऑपरेशन, झालाय आणि घरात रांधणारी मी, त्यामुळे हे मुख्यतः रांधणाऱ्यांसाठी लिहितेय. दवाखान्यातून डाएटचा कागद मिळतो, त्यावर 'हाय प्रोटीन, लो फॅट, प्युरी' असलं काहीतरी असतं आणि आपण ओट्यापाशी उभं राहून विचार करत बसतो की म्हणजे आता नेमकं करू काय. तो कागद फ्रिजवर चिकटवा, तुमच्या डॉक्टरांनी वेगळं सांगितलं असेल तर त्यांचंच ऐका, मी फक्त ते आपल्या ताटात कसं बसवायचं ते सांगते.

आधी आत काय झालंय ते समजून घ्या. जठराच्या वरच्या टोकाला साधारण ३० मिलीची, म्हणजे अंड्याएवढी पिशवी करतात आणि लहान आतड्याचा सुरुवातीचा भाग वगळून तिला पुढे जोडतात. त्यामुळे माणूस जेवतोही कमी आणि जीवनसत्त्वं, लोह, कॅल्शियम अंगाला लागतंही कमी. कमी खाणं आपोआप होतं हो, त्यासाठी कोणी मागे लागावं लागत नाही, पण त्या चार घासांत आधी काय जाणार हे आपण ठरवायचं. सगळी गंमत तिथेच आहे.

सुरुवातीला एक-दोन दिवस नुसतं पातळ, मग साधारण दोन आठवडे ताक, गाळलेलं वरणाचं पाणी, दूध, प्रोटीन पावडर, तेही घोट घोट. नंतर मिक्सरमधून काढलेलं: मुगाचं वरण, चक्का, कुस्करलेलं पनीर. मग मऊ, म्हणजे उकडलेलं अंडं, वाफवलेला मासा. दीड-दोन महिन्यांनी हळूहळू घरचं जेवण. तिखट आणि फोडणीचं तेल बेतानं.

ताट वाढताना पहिला घास प्रोटीनचा, मग भाजी, आणि पोळी-भात राहिली जागा तर. आपल्याकडे नेमकं उलटं असतं, पोळी मुख्य आणि वरण तोंडी लावायला, त्यामुळे हे अंगवळणी पडायला वेळ लागतो. दिवसाला साधारण ६० ते ८० ग्रॅम प्रोटीन सांगतात. आता हिशोब करा, एक अंडं ६ ग्रॅम, ५० ग्रॅम पनीर ९, पेलाभर दूध ६-७, घट्ट वरणाची वाटी साधारण तेवढीच, म्हणजे शाकाहारी माणसाचं पहिल्या काही महिन्यांत नुसत्या डाळीवर भागणं अवघडच आहे, पावडर लागते, त्यात कमीपणा कसला. सोयाबीनचे वडे भिजवून, बारीक करून मुगाच्या धिरड्यात घालते मी, चांगलं लागतं.

मी ताटच बंद केलं, नैवेद्याची छोटी वाटी आणि चहाचा चमचा ठेवला. घास चांगला २०-२५ वेळा चावायचा, चमचा खाली ठेवायचा, मग पुढचा. आमच्या ह्यांचं पोट भरलं की नाक गळायला लागतं किंवा उचकी लागते, बऱ्याच जणांना असं होतं म्हणे. ती खूण दिसली की तिथेच थांबायचं, 'एवढा एक घास संपव' म्हणायचं नाही. त्या एका घासानेच छातीत दुखतं, तोंडाला फेसाळ लाळ सुटते आणि सगळं उलटून पडतं. अडकणारे पदार्थ म्हणजे मऊ पाव, चिकट भात, गार झालेली पोळी आणि साबुदाणा खिचडी तर विचारूच नका. उपवास असेल तर दही, पनीर, दूध यावर भागवा, आणि पहिलं वर्ष उपवास नाही केला तरी देव काही रागवत नाही.

पाणी जेवणाबरोबर नाही. जेवल्यावर अर्धा तास थांबायचं आणि मग दिवसभर घोट घोट करत दीड-दोन लिटर. गोडाचं सांगायचं तर पुरणपोळी, श्रीखंड, बासुंदी खाल्ली की अर्ध्या तासाच्या आत धडधड, घाम, पोटात मुरडा, जुलाब होऊ शकतात, याला डम्पिंग म्हणतात. काहींना एक ते तीन तासांनी साखर खाली येऊन गरगरतं. सणाला पाहुणे आग्रह करणारच, त्यांना आधीच फोनवर सांगून ठेवा, ताटावर वाद नको.

गोळ्या मात्र आयुष्यभर: मल्टीव्हिटॅमिन, बी-१२, डी, लोह, कॅल्शियम. लोह आणि कॅल्शियममध्ये दोन तासांचं अंतर ठेवा, आणि चहाबरोबर लोह नको. अंगदुखीला मनाने आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक अजिबात नाही, जोडलेल्या जागी अल्सर होतो. सिगरेटचंही तेच.

आता वजन. समजा उंची १६० सेंमी आणि वजन ११८ किलो. बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, २५ धरला तर ६४ किलो हवं, म्हणजे जादा ५४. वर्ष-दीड वर्षात त्यातलं ६० ते ८० टक्के जातं, म्हणजे हा माणूस साधारण ७५ ते ८६ च्या मधे कुठेतरी स्थिरावतो. ६४ ची वाट बघत बसलात तर उगाच खट्टू व्हाल. तिसऱ्या आठवड्याच्या आसपास काटा बरेचदा अडकतो, ऑपरेशन फुकट गेलं असं वाटतं, पण तो पुन्हा सरकतो. आठवड्यातून एकदाच, सकाळी, त्याच काट्यावर बघा आणि कमरेचं माप पण लिहा. तीन ते सहा महिन्यांत केस गळतात, बहुतेकांचे परत येतात, पण प्रोटीन आणि लोह तपासून घ्या.

दोन वर्षांनी थोडं वजन परत चढतं, ते बरेचदा जेवणाने नाही तर चिवडा, फरसाण, चहातलं बिस्कीट यांनी. हे सगळं कुरकुरीत असतं, चटकन विरघळतं, पिशवीत अडकत नाही, त्यामुळे दिवसभर तोंड चालू राहतं. म्हणून मी डबे वरच्या फळीवर नाही ठेवत, आणतच नाही, सासूबाईंना हवा असला चिवडा तर छोटं पाकीट. सतत उलट्या, पाणीही न टिकणं, काळी शी, पोटात जोराची कळ यातलं काही झालं तर घरगुती उपाय करत बसू नका, सरळ सर्जनला फोन लावा.