रविवारी जुने बल्ब काढून एलईडी लावायचेत? मग शनिवारी एवढं करून ठेवा

सांगलीचा एप्रिल, रात्री दहाला पण भिंतीला हात लावला तर गरम, आणि आमच्या ओट्यावर साठ वॅटचा पिवळा बल्ब, बरोबर आईच्या डोक्यावर. त्या बल्बात जाणाऱ्या विजेतली नव्वद टक्क्यांच्या वर तर नुसती उष्णता होते, उजेड आपला नावाला. एलईडी लावला म्हणून एसी लावल्यासारखं वाटणार नाही, गॅस आहेच की, पण डोक्यावरची धग तेवढी गेली.

तर दुकानात पळायच्या आधी एक वही घ्या आणि संध्याकाळी घरभर फिरा, कुठं किती वॅटचा आहे आणि रोज किती तास जळतो एवढंच लिहायचं. हे लई जण करत नाहीत आणि डायरेक्ट डझनभर बल्ब घेऊन येतात. साठचा बल्ब रोज पाच तास म्हणजे महिन्याला 9 युनिट, त्याच जागी 9 वॅटचा एलईडी लावला तर दीड युनिटसुद्धा होत नाही. उलट बाथरूमचा दिवसात वीस मिनिटं लागतो, तो उडेपर्यंत राहूदे तिथंच. आणि ज्यांच्याकडं आधीच सगळीकडं सीएफएल आहेत त्यांनी फार मोठ्या आशेवर राहू नका, 14-15 वॅटवरून 9 वर येणार, फरक आहे पण थोडा. बिल शंभर युनिटच्या जरा वर जात असेल तर मात्र मजा आहे, कारण शंभरच्या पुढच्या युनिटचा दर चढतो, म्हणजे वाचणारे युनिट महागातलेच असतात.

वहीत देवघरातला झिरोचा बल्ब विसरू नका हां. आमच्याकडं तो लाल बल्ब रात्रभर चालू असायचा आणि आईचं एकच, अरे झिरो आहे त्याला कुठलं बिल. तो जुना झिरो 12 ते 15 वॅट खातो! रोज दहा तास धरा, महिन्याला चार-साडेचार युनिट झाले. एलईडीचा झिरो अर्ध्या वॅटचा येतो, पहिला तोच बदला.

मग होल्डर बघायचे. आपल्याकडं बहुतेक ठिकाणी पिनेचे होल्डर असतात पण पीओपीतले, झुंबरातले आट्याचे निघतात, त्यामुळं एकेक जुना बल्ब खिशात टाकूनच दुकानात जा. काळे जुने होल्डर हात लावला की तुकडे पडतात, दोन जास्तीचे आणून ठेवा. 2019 च्या महापुरात ज्यांच्या घरात पाणी शिरलेलं त्यांनी तर वायरमनला बोलवून बोर्ड आणि अर्थिंग एकदा बघूनच घ्या, वर नवीन बल्ब आणि आत गंजलेली वायर, काय उपयोग.

ट्यूबचं वेगळं आहे. जुनी 36 ची ट्यूब आणि तांब्याची चोक मिळून पन्नास वॅटच्या आसपास जातात, एलईडी ट्यूब 18-20 मध्ये भागवते, पण काही जुन्या पट्टीत तशाच बसतात आणि काहींना चोक-स्टार्टर काढून वायरिंग बदलावं लागतं. हे वायरमनचंच काम, मेव्हण्याला स्टुलावर चढवू नका.

खरेदीला जाताना वॅट नाही, लुमेन बघा, म्हणजे उजेडाचं माप. साठच्या बल्बाएवढा उजेड पाहिजे तर 800 च्या आसपास. रंगावरून आमच्यात भांडणं झाली, मी सगळीकडं 6500 केल्विनचा (खोक्यावर 6500K लिहितात) पांढरा आणला, आई म्हणाली दवाखान्यात बसल्यासारखं वाटतंय, शेवटी हॉलमध्ये आणि देवघरात 3000 चा पिवळसर आला आणि ओट्यावर पांढरा राहिला, भाजीतला केस दिसायला पांढराच बरा. बीआयएसचा शिक्का, स्टार लेबल आणि वॉरंटी बघून घ्या. मी एकदा बाजारातनं बिनबिलाचे चार स्वस्तात उचलले, पावसाळा संपायच्या आत तीन गेले. व्होल्टेज वरखाली होणाऱ्या भागात असाल तर खोक्यावर 100 ते 300 व्होल्ट अशी रेंज असलेला घ्या. उजेड कमी-जास्त करायचा डिमर असेल तिथं डिमरचाच एलईडी लागतो, साधा फडफडतो. पूर्ण बंद काचेच्या गोळ्यात पण शक्यतो नको, एलईडीची उष्णता बुडाशी साठते, आतलं सर्किट लवकर जातं.

रविवारी सकाळी उजेडातच करा. नुसतं बटण बंद करून भागत नाही, मेन बंद करायचा, जुना बल्ब गार होऊ द्यायचा, हात कोरडे, टेस्टर खिशात, आणि स्टूल धरायला एक माणूस. लावल्यावर बटण बंद करूनसुद्धा एखादा बल्ब रात्री मिणमिणत असेल तर भूत नाही, बटणात इंडिकेटरचा लाल दिवा असला की तसं होतं, किंवा बटण फेजऐवजी न्यूट्रलवर असेल, मग वायरमनला सांगा.

काढलेले सीएफएल घंटागाडीत भिरकावू नका, आत पारा असतो, खोक्यात गुंडाळून ई-कचऱ्यात द्या. नवीन बल्बच्या बुडाला मार्करनं तारीख टाका आणि बिलाचा लगेच फोटो काढा, ते गुळगुळीत कागदाचं बिल दोन महिन्यांत कोरं होतं आणि दुकानदार मग वॉरंटी ऐकत नाही.