रीफ टँकमधले नायट्रेट आणि फॉस्फेट कसे सांभाळावे

प्रवाळांचा टँक लावणाऱ्या बहुतेकांची पक्की समजूत असते, की नायट्रेट आणि फॉस्फेट जितके कमी तितके बरे. मग दोन्ही शून्यावर आणतात, आणि महिनाभरात प्रवाळ फिके पडतात, वाळूवर बुडबुडे धरणारा तपकिरी बुळबुळीत थर चढतो. तो बहुतेक वेळा डायनोफ्लॅजलेटांचा, म्हणजे एका प्रकारच्या एकपेशीय सूक्ष्मजीवांचा असतो. प्रवाळाच्या पेशींत राहणाऱ्या सूक्ष्म शैवालाला नायट्रोजन आणि फॉस्फरस लागतोच. तेव्हा नायट्रेट २ ते १० पीपीएम (दशलक्षात इतके भाग) आणि फॉस्फेट ०.०३ ते ०.१ पीपीएम एवढे ठेवा, आणि आकडा वरखाली उड्या मारणार नाही हे पाहा.

सुरुवात पाण्यापासून. स्वयंपाकघरातला आरओ इथे कामाचा नाही. चवीसाठी बऱ्याच घरगुती यंत्रांत थोडे मूळ पाणी परत मिसळतात किंवा खनिजे घालतात. आरओच्या पुढे डीआय रेझिनचा, म्हणजे उरलेले क्षार शोषणाऱ्या दाण्यांचा फिल्टर हवा आणि विरघळलेले क्षार मोजणाऱ्या टीडीएस मीटरवर शून्य दिसायला हवे. बोअरचे पाणी असेल तर रेझिन लवकर संपते. याच पाण्यात रीफचे मीठ विरघळवून खारेपणा ३५ पीपीटीवर (हजारात ३५ भाग) आणा. टँकमधून उडून गेलेले पाणी मात्र बिनमिठाच्या पाण्याने भरायचे, कारण मीठ उडत नाही. उन्हाळ्यात टँकवर पंखा सोडला असेल तर ही भर रोज घालावी लागते.

नव्या टँकमध्ये अमोनिया आणि नायट्राइट शून्य होईपर्यंत मासे किंवा प्रवाळ सोडू नका. मग अल्कलिनिटी, म्हणजे पाण्याची आम्ल पचवण्याची ताकद, तपासा: ७ ते ९ डीकेएच (तिचे एकक) पुरे. पोषकद्रव्ये कमी आणि अल्कलिनिटी ११-१२, अशा पाण्यात अ‍ॅक्रोपोरा या फांद्यांच्या कठीण प्रवाळाची टोके जळतात. कॅल्शियम ४०० ते ४५०, मॅग्नेशियम १३०० पीपीएमच्या आसपास.

फॉस्फेट मोजताना रंगपट्टीवर भिस्त ठेवू नका, ०.०३ आणि ०.१ या दोन फिक्या निळ्यांतला फरक ट्यूबलाइटखाली कुणालाच सांगता येत नाही. डिजिटल कलरिमीटर, म्हणजे रंगाची छटा मोजून आकडा देणारे यंत्र, घ्या. कुपी टँकच्याच पाण्याने विसळा आणि बाहेरून मऊ कापडाने पुसा, कारण बोटाचा एक ठसाही आकडा बदलतो. काही मीटर फॉस्फेट न दाखवता फॉस्फरस पीपीबीमध्ये (अब्जात इतके भाग) दाखवतात. त्याला ३.०६६ ने गुणून १००० ने भागा: २० पीपीबी म्हणजे ०.०६ पीपीएम फॉस्फेट.

नायट्रेट ४० वर गेले असेल, तर दहा टक्के पाणी बदलून ते ३६ वर येते, बस्स. खरा इलाज माशांच्या खाण्यात, कारण नायट्रेट मुख्यतः तिथूनच येते. गोठवलेली कोळंबी चहाच्या गाळणीत घेऊन धुवा, वितळलेले पाणी टँकमध्ये ओतू नका. स्किमरचा, म्हणजे फेसातून घाण बाहेर काढणाऱ्या यंत्राचा कप वेळेवर साफ करा. संपमध्ये (टँकखालच्या फिल्टरच्या टाकीत) दिव्याखाली कीटोमॉर्फा शैवाल वाढवून दर पंधरवड्याला त्याचा गुच्छ काढून टाकला, की शोषलेले नायट्रेट त्याच्यासोबत बाहेर जाते.

फॉस्फेट जास्त चिवट. ते दगडांवर आणि वाळूवर चिकटून बसते. पाण्यातले कमी केले, की दगड पुन्हा सोडतात, आणि दोन दिवसांनी मीटर जुनाच आकडा दाखवतो. जुन्या टँकमधून घेतलेले स्वस्त दगड तर महिनोन्‌महिने पाझरतात. इथे जीएफओ, म्हणजे फॉस्फेट धरून ठेवणारे लोहाच्या ऑक्साइडचे तपकिरी दाणे, वापरतात. आधी धुऊन घ्या, डब्यावर लिहिलेल्या मात्रेच्या निम्म्याने सुरू करा, दर दोन-तीन दिवसांनी मोजा. ०.३ वरून ०.०५ एका आठवड्यात आणण्याची घाई प्रवाळांना ०.३ पेक्षा महाग पडते.

व्हिनेगर थेंबाथेंबाने घालून नायट्रेट-फॉस्फेट खाणारे जिवाणू वाढवण्याची युक्तीही आहे. पण जिवाणूंना नायट्रोजन फॉस्फरसच्या कितीतरी पट लागतो, त्यामुळे नायट्रेट आधी संपते आणि फॉस्फेट तिथेच अडकते. फॉस्फेट जास्त नि नायट्रेट शून्य असेल, तर व्हिनेगरची बाटली बंद ठेवा.

आणि दोन्ही शून्यावर आलेच असतील, तर जीएफओ काढा, स्किमर फक्त रात्री चालवा आणि माशांना दिवसातून एक वेळ जास्त खायला घाला. तरी नायट्रेट हलले नाही, तर शुद्ध सोडियम नायट्रेटचे पातळ द्रावण हिशेबाने घाला, दिवसाला अर्ध्या पीपीएमपेक्षा जास्त नाही, आणि दुसऱ्या दिवशीची मात्रा आधी मोजूनच.