बायोलॉजिकल इंजेक्शन सुरू असताना दिवस राहिले तर: शेवटचा डोस आणि बाळाची बीसीजी

ऱ्हुमॅटॉइड संधिवातात टीएनएफ नावाचं सायटोकाइन (शरीराच्या संरक्षण यंत्रणेचं निरोप देणारं प्रथिन) गरजेपेक्षा जास्त तयार होतं आणि सांधे सुजवतं. इन्फ्लिक्सिमॅब, अडालिमुमॅब, इटानरसेप्ट, सर्टोलिझुमॅब ही बायोलॉजिकल इंजेक्शनं त्यालाच अडवतात. दिवस राहिल्याचं कळताच घाबरून ती बंद करू नका. आजार उसळला तर बाळ वेळेआधी येण्याची, वजन कमी भरण्याची शक्यता वाढते. मेथोट्रेक्सेट या संधिवाताच्या दुसऱ्या औषधाचं मात्र उलट आहे: ते मूल हवं असण्याच्या 1 ते 3 महिने आधी थांबवायचं, आणि चालू असतानाच दिवस राहिले तर त्याच दिवशी बंद करून डॉक्टरांना गाठायचं.

ही इंजेक्शनं पहिल्या तीन महिन्यांत वारेतून जवळजवळ जात नाहीत. पुढे वार आईच्या अँटिबॉडी बाळाकडे ओढून नेते, आणि औषधही त्याच वाटेने जातं. म्हणून जन्मावेळी बाळाच्या रक्तात इन्फ्लिक्सिमॅब किंवा अडालिमुमॅब आईपेक्षाही जास्त सापडू शकतं. सर्टोलिझुमॅबला वार जिथे पकडते तो भागच नाही, त्यामुळे ते नऊही महिने चालतं. आजार शांत असेल तर इन्फ्लिक्सिमॅब 20व्या, अडालिमुमॅब 28व्या आणि इटानरसेप्ट 32व्या आठवड्यापर्यंत घेऊन मग थांबवता येतं. सांधे पुन्हा आखडू लागले तर पुढेही चालू ठेवतात; तो निर्णय ऱ्हुमॅटॉलॉजिस्टचा.

खरी चूक प्रसूतीनंतर होते. आपल्याकडे बीसीजी, म्हणजे क्षयाची (टीबीची) लस, जन्मानंतर लगेच, बहुधा डिस्चार्जच्या आधीच, डाव्या दंडावर टोचतात. सिस्टर यादीप्रमाणे एकेका पाळण्याजवळ येते. आईने कोणतं इंजेक्शन घेतलं होतं, हे तिला कोण सांगणार? बीसीजीत जिवंत जंतू असतात आणि त्यांना एका जागी कोंडून ठेवायला टीएनएफ लागतं. गर्भात इन्फ्लिक्सिमॅब मिळालेल्या एका बाळाचा बीसीजीनंतर जंतू अंगभर पसरून मृत्यू झाल्याची नोंद 2010 साली प्रसिद्ध झाली.

म्हणून 34व्या आठवड्यातच फाइलच्या पहिल्या पानावर आणि माता-बाल संरक्षण कार्डावर लाल शाईने लिहून घ्या: औषधाचं नाव, शेवटच्या डोसची तारीख, ‘बालरोगतज्ज्ञांना विचारल्याशिवाय बीसीजी नको’. डोस वर दिलेल्या आठवड्यांनंतरही चालू राहिला असेल तर बीसीजी किमान 6 महिने थांबवतात, इन्फ्लिक्सिमॅब असेल तर 12 महिन्यांपर्यंत. बाळ दिवसांआधी आलं तर आठवड्यांचा हिशोब पुन्हा मांडावा लागतो. पोलिओ आणि रोटाव्हायरसचे थेंबही जिवंत लशीचे, त्यांचंही विचारा. हिपॅटायटिस बी आणि पेंटाव्हॅलंट या जिवंत लशी नाहीत, त्या वेळेवरच द्या.

बीसीजी लांबलेल्या बाळाजवळ दोन आठवड्यांहून जास्त खोकणारं कुणी असेल तर क्षयासाठी त्यांची थुंकी आधी तपासून घ्या. स्तनपान थांबवायची गरज नाही. दुधातून हे औषध नगण्य उतरतं.

दुखण्यासाठी पॅरासिटामॉल घ्या. आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक 20व्या आठवड्यानंतर टाळा, कारण गर्भजल कमी होतं.