लायब्ररीतून वर्गात जायच्या आधी सहा मिनिटांचा पाठ घ्या

आपण कॉलेजच्या ग्रंथपालांनी बी.लिब., एम.लिब. केलं तेव्हा वर्गीकरण शिकलो, कॅटलॉगिंग शिकलो, डीडीसीचे, म्हणजे ड्युई दशांश वर्गीकरणाचे, नंबर बनवून बनवून बोटं दुखली, पण वर्गात उभं राहून शिकवायचं कसं हे बऱ्याच जणांना कुणी शिकवलंच नाही. आणि नोकरी लागल्यावर कॉलेज सुरू झालं की निरोप येतो, सर, एफवायच्या पोरांना लायब्ररीबद्दल एक तास सांगून द्या. झालं, आपण माइक घेऊन उभे.

माझा पहिला तास मला अजून आठवतो. ऐंशीएक पोरं होती आणि मी ओपॅक (लायब्ररीचा ऑनलाइन कॅटलॉग), एन-लिस्ट (कॉलेजांसाठीची ई-पुस्तकं, ई-जर्नल्स), शोधगंगा (पीएच.डी. प्रबंधांचा साठा), स्वयम (ऑनलाइन कोर्सेस) सगळं एका दमात सांगून टाकलं, स्लाइडमागून स्लाइड. पोरांनी माना हलवल्या, मला वाटलं मस्त झालं. आठवड्याने एक पोरगा काउंटरला आला, रोज लांबून एसटीने येणारा, प्रोजेक्टचा कागद हातात, म्हणतो "सर, माले काहीच सापडनं नही." त्या दिवशी मला कळलं की मी फक्त माहिती वाचून दाखवली होती, शिकवलं काहीच नव्हतं.

मग मी काय केलं ते सांगतो, कारण हे तुम्हालाही जमेल आणि एक रुपया लागत नाही. आपल्याकडे जळगाव, धुळे, नंदुरबार कुठेही जा, जवळपास बी.एड. कॉलेज असतंच आणि तिथे सूक्ष्म अध्यापन असतं. सहा मिनिटं शिकवायचं, सहा मिनिटं शेरे ऐकायचे, बारा मिनिटांत पाठ पुन्हा बांधायचा, परत सहा मिनिटं शिकवायचा, परत सहा मिनिटं शेरे. एकूण 36 मिनिटं. एका वेळी एकच कौशल्य, म्हणजे आज फक्त प्रश्न विचारणं, उद्या फक्त फळ्याचा वापर. बी.एड. झालेला एखादा प्राध्यापक मित्र पकडा, चार पोरं बसवा आणि आपलाच पाठ असा घ्या. लाज वाटते, पहिल्यांदा फार वाटते, पण सहाच मिनिटं असतात.

विषय मात्र छोटा ठेवा. "ई-रिसोर्सेसचा परिचय" हा सहा मिनिटांचा विषयच नाही. माझा ठरलेला पाठ म्हणजे शोधशब्द काढणं. पोरगा सर्चमध्ये अख्खं वाक्य टाकतो, "रावेर तालुक्यातील केळीवरील करपा रोगाचा शेतकऱ्यांच्या उत्पन्नावर होणारा परिणाम", आणि कामाचं काही मिळालं नाही की बंद करतो. तर फळ्यावर ते वाक्य लिहायचं आणि पोरांनाच विचारायचं की यातले कामाचे शब्द किती? केळी, करपा, उत्पन्न. आता करप्याला इंग्रजी पेपरात काय म्हणतात? इथे बागायतदाराची पोरं पटकन सांगतात, सिगाटोका, कारण घरी फवारणीच्या वेळी तो शब्द ऐकलेला असतो. मग बनाना आणि सिगाटोका असे दोनच शब्द टाकून बघायला लावायचं, नंतर महाराष्ट्र जोडायचं, रिझल्ट किती कमी झाले ते त्यांनीच मोजायचं. एवढं झालं की पाठ संपला, शोधगंगा पुढच्या वेळी.

मागे बसलेल्या मित्राला आधीच सांगून ठेवा की काय बघायचं. "छान झालं" याचा काही उपयोग नाही. मी किती वेळ बोललो, पोरं किती वेळ बोलली, मी कुणाकडे बघत होतो एवढंच लिहून दे म्हणावं. माझ्या कागदावर पहिल्यांदा आलं की सर स्क्रीनकडेच बघत होते आणि पाच वेळा "कळलं का?" विचारलं, पाचही वेळा सगळे हो म्हणाले. तेव्हापासून "कळलं का" बंद, त्याऐवजी "आता मोबाइलवर करून दाखवा". एवढ्या एका बदलाने तास बदलला, खरं सांगतो.

तास संपताना अर्धा कागद वाटा आणि एकच प्रश्न, उद्या तुमच्या विषयासाठी पहिले दोन शब्द कोणते टाकाल? नाव नको. अहिराणीत लिहा, पावरीत लिहा, चालेल, आणि हे आवर्जून सांगा, कारण नंदुरबारकडच्या कितीतरी पोरांना मराठीसुद्धा शाळेतच भेटलेली असते आणि इंग्रजी शब्द चुकेल या भीतीने ती कोरा कागद देतात. त्या चिठ्ठ्या फेकू नका, पुढचा पाठ त्यातूनच निघतो.

आता कोर्सेसचं. मालवीय मिशन टीचर ट्रेनिंग सेंटर, म्हणजे यूजीसीचं प्राध्यापकांना प्रशिक्षण देणारं केंद्र, आधीचं एचआरडीसी, त्यांचे रिफ्रेशर प्रमोशनला लागतात म्हणून आपण करतोच, पण ग्रंथालयशास्त्राच्या रिफ्रेशरसोबत अध्यापनावरचा, मूल्यमापनावरचा छोटा कोर्सही बघा, तिथे इतर विषयांचे मास्तर भेटतात आणि आपल्याला तेच हवंय. अमेरिकेतल्या कॉलेज ग्रंथपालांच्या संघटनेने, एसीआरएलने, 2017 मध्ये शिकवणाऱ्या ग्रंथपालाच्या सात भूमिका मांडल्यात, नेटवर फुकट आहे. सातही एकदम अंगावर घेऊ नका, त्यातली टीचिंग पार्टनर ही एक आधी धरा, म्हणजे विषयाच्या प्राध्यापकासोबत मिळून शिकवणं. प्रोजेक्ट द्यायच्या आठवड्यात त्याच्याच तासाला वीस मिनिटं मागा. ओरिएंटेशनच्या एका तासापेक्षा ती वीस मिनिटं जास्त कामाची, कारण तेव्हा पोरांना गरज असते.

ज्यांच्या कॉलेजात रिसर्च सेंटर आहे त्यांच्यासाठी अजून एक दार उघडं आहे. यूजीसीने 2019 च्या शेवटी पीएच.डी. कोर्सवर्कमध्ये रिसर्च अँड पब्लिकेशन एथिक्स, म्हणजे संशोधन आणि प्रकाशनातली नैतिकता, हा विषय सक्तीचा केला, 2 क्रेडिट, 30 तास, आणि त्यात ओपन अॅक्सेस (सगळ्यांना मोफत खुलं संशोधन), डेटाबेस, रिसर्च मेट्रिक्स (संशोधनाच्या प्रभावाचं मोजमाप) हे आपल्या रोजच्या कामाचे भाग आहेत. ते शिकवायला मागा. कुणी बोलवेल म्हणून वाट बघू नका. आणि ग्रंथपालाने कशाला शिकवायचं असं कुणी म्हणालंच तर सांगा, भारतीय ग्रंथालयशास्त्राचे जनक डॉ. रंगनाथन 1924 ला मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले त्याआधी गणितच शिकवायचे.

एकट्याने हे टिकत नाही हेही सांगतो. एकाच एसटी रूटवरच्या तीन-चार कॉलेजच्या ग्रंथपालांनी जमायचं, समजा अमळनेर, पारोळा, धुळे, महिन्यातून एक शनिवार, एकाने पाठ घ्यायचा बाकीच्यांनी बघायचं, मग चहा. पाठ टाचण, शेऱ्याचा कागद आणि चिठ्ठ्या तारीख टाकून एका फाइलीत लावा, कॉलेजचं मूल्यांकन करणाऱ्या नॅकलाही दाखवता येतात.

12 ऑगस्टला ग्रंथपाल दिनाचं पुस्तक प्रदर्शन आपण लावतोच, पहिला पाठ त्याच दुपारी ठेवा, पोरं तिथेच असतात आणि परीक्षा अजून लांब असतात.